उतारा वाचायचाच कशाला?

किस्से शोधावे लागत नाहीत, मैत्रिणींनो. वर्गाचे दार उघडे ठेवले की ते आपोआप आत येतात, आणि परीक्षा तोंडावर आली की त्यांची रांगच लागते. निवृत्त झाले तेव्हा वाटले होते, हा साठा आता पुरे झाला. तेवढ्यात भाईंदर पश्चिमेच्या एका मराठी शाळेतून बोलावणे आले.

तिथे चौथीची वाचन-चाचणी होती. बाहेरून परीक्षक येणार, प्रत्येक मूल एक मिनिट मोठ्याने वाचणार, मिनिटात किती शब्द झाले ते मोजले जाणार आणि मग उताऱ्यावर प्रश्न. शाळेच्या ट्रस्टींनी, ज्यांना सगळे शेठ म्हणतात, आधीच बजावले होते, "मराठीत आता वाचतो कोण? रिझल्ट दाखवा, नाहीतर जूनपासून त्या वर्गात कॉम्प्युटर लॅब!"

वर्ग वाचवायचा होता. त्यासाठी तिथल्या दोन शिक्षकांना तयार करणे, हे माझे काम. मुलांना वाचता येते की नाही, हे कळायला मला वेळ लागला. शिक्षकांचे पहिल्याच दिवशी कळले!

*

तांबे सर प्रश्नांच्या तयारीचे प्रमुख. मी विचारले, "उतारा कसा शिकवता?"

"उतारा नाही शिकवत, बाई. टाइम जातो! सर्वांत लांब पर्यायावर खूण करायची. बहुतेक वेळा तोच बरोबर असतो."

मी घरी जाऊन एक प्रश्नपत्रिका तयार केली. तिच्यात प्रत्येक लांबलचक पर्याय चुकीचा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ती मुलांऐवजी सरांनाच सोडवायला दिली. सर हसतमुखाने सोडवत गेले आणि शून्य गुण मिळवून उठले.

पेपर खाली ठेवत गंभीरपणे म्हणाले, "बाई, पेपर सेट करणाऱ्याने असं वागू नये. मुलांचा विश्वास उडतो!"

*

दुसऱ्या शिंदे बाई. त्यांच्याकडे मोठ्याने वाचण्याचे खाते. त्यांनी माझ्यासमोर एका मुलाला उभे केले. त्याने 'आमची सहल' हा नमुना उतारा असा काही धडाधड वाचला की मी थक्क झाले. मग मला शंका आली. मी उठले, त्याच्या हातातले पुस्तक उलटे करून पुन्हा त्याच्या हातात दिले आणि म्हटले, "वाच, बाळ."

त्याने तितक्याच वेगाने, एकही शब्द न अडखळता, सबंध सहल पुन्हा घडवून आणली!

शिंदे बाईंचा चेहरा अभिमानाने फुलला. "बघितलंत? कसंही धरा, फ्लुएन्सी तीच!"

*

एके दिवशी मोबाइलवरचे स्टॉपवॉच लावून सराव चालू होता. एक मुलगी वाक्य संपले की थांबायची. ते ऐकून मला बरे वाटत होते. तेवढ्यात शिंदे बाई ओरडल्या, "अगं थांबतेस काय? सेकंद जातोय!"

"बाई, तिथे पूर्णविराम आहे," मी शांतपणे म्हणाले.

"असू दे हो! त्याला मार्क कुठे आहेत?"

*

हे सगळे शाळेतच चालते, असे समजू नका. मी भाईंदरलाच, पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीत राहते. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी मला लिफ्टमध्ये गाठले.

"बाई, मुलाला रीडिंगचा क्लास लावायचाय. तुम्ही घ्याल का?"

"घेईन. आधी घरात गोष्टींची चार पुस्तके आणा."

ते दचकले. "पुस्तकं? घरात? बाई, आत्ताच तर पेस्ट कंट्रोल केलंय!"

*

चाचणीचा दिवस उजाडला. शेठ मागच्या बाकावर मोबाइल चाळत बसले होते. शिंदे बाई दाराशी उभ्या राहून मुलांना हाताने 'पळव, पळव' अशा खुणा करत होत्या.

तारोडीच्या कोळीवाड्यातली दर्शना पुढे आली. परीक्षकांनी दिलेला उतारा नवाकोरा होता: वादळ उठले आहे, सगळ्या होड्या परतल्या आहेत, एकच राहिली आहे आणि एक मुलगी किनाऱ्यावर बापाची वाट पाहते आहे. दर्शना वाचू लागली. सावकाश, प्रत्येक वाक्याला थांबत. शिंदे बाईंचे हात दुखून आले असतील!

अर्ध्यावर स्टॉपवॉच वाजले. परीक्षक म्हणाल्या, "थांब बाळा, वेळ संपली."

"संपू दे! होडी कुठं आली हाय अजून?"

शिंदे बाईंनी कपाळाला हात लावला. दर्शनाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. आता मोठ्याने वाचायचे कारण उरले नव्हते. ती मनातल्या मनात वाचत राहिली. ओठ तेवढे हलत होते. परीक्षकांचे पेन हवेत राहिले. बाहेर रांगेत उभी असलेली मुले दारातून आत सरकली. तांबे सर टाचा उंचावून कागदात डोकावू पाहत होते.

शेवटी तिने एक लांब श्वास सोडला आणि कागद बाकावर ठेवला.

मागच्या बाकावरून शेठ उठून उभे राहिले. मोबाइल खिशात गेला होता. "ए बेटा, मग? बोट आली की नाय?"

दर्शनाने कागद त्यांच्याकडे सरकवला.

"मी कशाला सांगू? वाचा की!"