घोळवे सरांचे मिसकॉल

रफिकभाईंच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांचा ढीग असतो. ते एकही चिंधी टाकत नाहीत. ढीग पायांना लागायला लागला की त्याची उशी होते. आमच्या बैठकीतल्या किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण टाकून द्यायलाही कुणाचं मन होत नाही.

बैठक म्हणजे केजच्या बसस्टँडमागच्या बोळातलं रफिकभाईंचं टेलरिंगचं दुकान. शेजारी माझं झेरॉक्सचं. मध्ये एक बाकडं, आणि शाळा सुटली की त्या बाकड्यावर घोळवे सर. सरांनी मला दहावीला गणित शिकवलं. काटकसर ते अजून शिकवतायत आणि त्यात मी अजून पास झालेलो नाही. या बाकड्यावर अशीही एक दुपार गेली की कुणी हसलं नाही. ती शेवटी सांगतो.

* * *

आधी कॉलर. शर्टाची कॉलर झिजली की रफिकभाई ती उसवतात, उलटी करतात आणि परत शिवून देतात. आतली कोरी बाजू वर येते, शर्ट आणखी दोन वर्षं चालतो. हे काम करून घेणारं गिऱ्हाईक आता गावात एकच उरलंय.

एकदा सर राखाडी शर्ट घेऊन आले. रफिकभाईंनी कॉलर पाहिली. ती आधीच एकदा उलटवलेली होती आणि आता दुसरी बाजूही गेली होती.

"सर, कॉलरला दोनच बाजू असत्यात. तिसरी कुठून आणू?"

सरांनी शर्ट उलटसुलट करून बघितला. "मग खालून कापा की. प्यांटीत खोचलेलं कोण बघतंय?"

रफिकभाईंनी शर्टाचा मागचा घेर कापून त्याची नवी कॉलर केली. कॉलर फार सुंदर बसली. फक्त शर्ट वीतभर आखूड झाला आणि हात वर केला की प्यांटीतून बाहेर यायला लागला. तेव्हापासून सर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच गणितं सोडवतात.

* * *

मोबाईल आले तेव्हा बोलायला पैसे पडायचे, म्हणून सरांनी मिसकॉलची भाषा काढली. एक मिसकॉल म्हणजे निघालो. दोन म्हणजे चहा सांग. तीन म्हणजे सरांच्या मंडळी, सुमनकाकूही बरोबर आहेत, एक चहा बिनसाखरेचा सांग. एक रिंग वाजली की सर कट करणार. आपण उचलायचा नाही. मी एकदा चुकून उचलला तर दोन दिवस ऐकावं लागलं.

"उचललास कावून? माझा रुपया गेला ना बे!"

पुढं महिन्याचे पॅक आले. मी सरांना नीट समजावून सांगितलं, की सर, आता कितीही बोला, वेगळे पैसे पडत नाहीत, फुकट आहे.

सरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी पुन्हा दहावीत नापास झालोय.

"फुकट हाय म्हणून उधळायचं व्हय?"

* * *

सर घटक चाचणीचा पेपर माझ्याकडे काढतात. कागद मात्र घरून आणतात, एका बाजूनं वापरलेले. कोऱ्या बाजूवर प्रश्न छापायचे.

एका वर्षी वर्गातल्या सगळ्या मुलांना वीसपैकी वीस. एकालाच अठरा. सरांचा आनंद गगनात मावेना, पण त्या एका मुलाची काळजीही लागली. त्याला उभं केलं. "तुला दोन कमी कावून पडले रे?"

"सर, माझ्या पेपरच्या मागचं शेवटचं गणित पुसट हुतं."

सरांनी पेपर उलटा केला. मागं गेल्या वर्षी वाटायला काढलेली चाचणीची उत्तरं होती. प्रश्नही गेल्या वर्षीचेच. गणितं काही शिळी होत नाहीत, हे सरांचं जुनं मत. पुसट झेरॉक्स माझीच होती, त्यामुळं त्या मुलाचं नुकसान माझ्यामुळं झालं असा निकाल बाकड्यावर लागला.

* * *

काटकसरीत सर एकटे नाहीत. सुमनकाकू त्यांच्या पुढं दोन पावलं. गच्चीवर त्यांनी एक मोठी काळी कॅन ठेवलीय. सकाळी भरायची. आपल्याकडच्या उन्हात दुपारपर्यंत पाणी असं तापतं की त्यात हात घालवत नाही. गॅस नको, लाईट नको.

मागं थंडीत लातूरचे पाहुणे आले. नारायणगडाला दर्शनाला जायचं म्हणून पहाटे उठले आणि म्हणाले, काकू, आंघोळीला गरम पाणी काढा.

"काढते की," काकू म्हणाल्या. "दोन वाजता तापतंय."

पाहुणे तीन वाजता नारायणगडाला निघाले.

* * *

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तसं सरांनी बीडला जाणंच सोडलं. बीडचं कसलंही काम निघालं की "तू जा, तुला हाफ हाय." वीजबिलाची तक्रार असो नाहीतर चष्म्याची काच, काकूच जाणार. सहा महिन्यांत काकूंना बीडची बाजारपेठ केजपेक्षा पाठ झाली.

एकदा त्या परत आल्या त्या खांद्याला नवी पर्स लावून. चांगली लाल, दोन चेनची. सर बाकड्यावरून उठलेच.

"ही कशाला?"

"तिकिटाचे एवढे पैसे वाचले," काकू म्हणाल्या, "ते ठिवायचे कशात?"

* * *

रफिकभाईंचंही सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल मी घाबरलो. फाटलेल्या शर्टांची बटणं ते पत्र्याच्या डब्यात साठवतात. ईदच्या आधी सगळ्या मोहल्ल्याचे कपडे शिवून देतात, पण स्वतःच्या शर्टाला मात्र सहा बटणं सहा रंगांची. मी म्हटलं, रफिकभाई, टेलर असून हे बरं दिसत नाही.

"बरं कसं दिसत न्हाई? गिऱ्हाईकाला सॅम्पल दाखवाया लागतं."

त्यानंतर आठवड्यानं त्यांच्या शर्टाला पाचच बटणं होती. एक सॅम्पल कुणाला तरी पसंत पडलं होतं.

* * *

आता ती दुपार.

दिवाळीनंतर काकूंच्या पोटात गाठ निघाली. बीडच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, उघडल्याशिवाय सांगता येत नाही. पसरली नसेल तर सगळी काढू, पसरली असेल तर काही न करता टाके घालून बंद करू. आदल्या दिवशी सरांनी हे आम्हाला सांगितलं ते स्वतःच्या चपलांकडं बघत. मग आवाज नेहमीसारखा करून म्हणाले, "एक मिसकॉल म्हंजी आत नेली. पुन्हा दोन मिसकॉल म्हंजी गाठ निघाली."

"आन् न्हाई निघाली तर?" रफिकभाईंनी विचारलं.

सर बाकड्यावरून उठले. राखाडी शर्ट खोचला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता माझा फोन एकदा वाजून बंद झाला. मी दुकान उघडं टाकून रफिकभाईंकडं जाऊन बसलो. ते एक बाही लावत होते. लावली, ती उलटी लागली होती. उसवली. परत लावली, परत उलटी. एरवी वीतभर दोरा वाया गेला तर हळहळणारा माणूस, पण त्या दिवशी उसवलेला दोरा तसाच खाली टाकत होता. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

बारा वाजले, एक वाजला. गाठ काढायला वेळ लागत असेल, असं मी म्हणालो. मग वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं.

पावणेतीनला फोन वाजला आणि बंद झाला.

रफिकभाईंनी एक बोट वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. आम्ही दुसऱ्या मिसकॉलची वाट बघत बसलो. तो आला. एक रिंग झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. फोन कट होईना. इतक्या वर्षांत सरांच्या फोनची दुसरी रिंग कधी झाली नव्हती. रफिकभाईंचं बोट खाली आलं. मशीनवर फोन वाजत राहिला, आणि आमच्यातल्या कुणाचाही हात त्याच्याकडं गेला नाही. शेवटी तो आपोआप थांबला.

लगेच परत वाजायला लागला.

"उचल," रफिकभाई म्हणाले.

मी स्पीकरवर टाकला. पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता.

"सर?"

"कावून उचलत न्हाईस बे, दत्ता?" सर म्हणाले. मग म्हणाले, "निघाली. समदी निघाली. शुदीवर आली आन् पयलं काय इचारलं म्हाईतंय का? गच्चीवरची कॅन भरली का म्हणून."

रफिकभाईंनी पायाखालची एक चिंधी उचलून डोळे पुसले आणि ती परत ढिगात टाकली.

सर बोलतच राहिले. वॉर्डात पंखा आहे पण बटण बाहेर आहे. सिस्टर आपल्या कडा गावची आहे, लई चांगली पोरगी. कँटीनचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. टाके किती, सलाईन किती, शेजारच्या खाटेवरचे पाहुणे कुठले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. माझ्या दुकानात दोन गिऱ्हाईकं येऊन परत गेली. मग सरांचं सांगून संपलं. पलीकडून वॉर्डातले आवाज येत राहिले, पण सर फोन ठेवेनात.

"सर," मी हळूच म्हणालो, "ठेवू का?"

"ठिवू नको," सर म्हणाले. "फुकट हाय की."