लाल गोळी आणि उरलेला कप

माझी धाकटी जाऊ माझ्या डोळ्यांत खुपायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी आम्हा दोघींना एकाच दिवशी लाल गोळ्या दिल्या होत्या. तेव्हा दोघींचं रक्त आठच होतं. तीन महिन्यांनी वडवणीच्या दवाखान्यात तपासलं, तर तिचं अकरा आणि माझं तेच आठ. तिचे गाल भरले, मी मात्र चार पायऱ्या चढले की धापा टाकायची. माझ्या पिशवीत गाठ होती, दर महिन्याला अंगावरून फार जायचं, आणि रक्त दहावर आल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही म्हणून डॉक्टरीणबाई अडून बसल्या होत्या.

ही चोरून काय खाते ते बघायला मी तिचे डबेसुद्धा उघडले. शेंगदाण्याची चटणी निघाली, तीही मीच केलेली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी कशासोबत घेता? चहासोबत, मी म्हणाले. आमच्या घरी जेवणं झाली की सासऱ्यांसाठी चहा होतो आणि पातेल्यात उरलेला कप थोरल्या सुनेचा. तो मान मी कधी सोडला नाही. धाकटी घरात आल्यापासून एक घोट तिला दिला नव्हता. ती बोअरच्या मचूळ पाण्यात लिंबू पिळून गोळी गिळायची.

बाई म्हणाल्या, चहा गोळीतलं लोह पोटातच अडकवून ठेवतो, लिंबू त्याला रक्तात जायला मदत करतं. इकडं रक्त जातंय आणि तिकडून लोह आत येत नाही, मग भरून कसं निघणार? गोळी आणि चहात दोन तास जाऊ द्या.

म्हणजे तिचं रक्त माझ्याच कद्रूपणानं वाढलं होतं. एसटीत बसून मी घरापर्यंत नुसती जळत होते.

घरी पोचले तेव्हा चहा उकळत होता आणि तिनं नुकतीच गोळी गिळली होती. आजपासून रोज गोळीवर एक कप हिलाही द्यावा, असं माझ्या मनात आलं. घरातल्यांनी माझं कौतुकच केलं असतं. मी कप भरून तिच्यापुढं धरला. तिचा चेहरा इतका खुलला की मला बघवेना.

मी कप मागं घेतला. "आत्ता न्हाई. दोन तासानं घे."

"ऱ्हाऊ द्या अक्का," ती म्हणाली, "मला कुटं सवय हाय." आणि भांडी घासायला गेली.