रविवारची पँट

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मासळीवालीनं शपथ घेतली तरी मी कोलंबीचं डोकं दाबून बघते. कुणी गोड बोललं की आता हिला काय हवंय, हे पहिलं मनात येतं. त्यामुळे नवऱ्यानं एके दिवशी मोबाइल खिडकीत टेकवून, गाणं लावून बैठका मारायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या मनात आलेलं सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

नवरा रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत पॅकिंगला आहे. चाळिशी उलटलेली, पोट पुढे आलेलं, शिफ्ट संपली की चहा, टीव्ही आणि झोप. कंपनीच्या जिन्यात कुणीतरी त्याच्या धापेवरून हसलं आणि ते याला लागलं. मग वाळू भरलेले पाण्याचे कॅन उचलायचे, कुंडलिका नदीच्या काठानं भराभरा चालायचं आणि ते सगळं मोबाइलवर टाकायचं. "जिमला जायला वेळ नाय? चला माझ्यासंगं!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. चलायला कुणी नव्हतं. बघणारे सगळे चुलतभाऊ आणि मेहुणे.

पण माणूस वाटतो तेवढा भोळा नाही. लोकांना व्यायाम बघायचा नसतो, फरक बघायचा असतो, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. त्यानं कंपनीची एक जुनी पँट बाजूला काढली. दर रविवारी ती घालायची, दारात उभं राहायचं आणि अंगठा अडकवून कंबर पुढे ओढून दाखवायची. मोबाइल मी धरायचे. आधी त्या फटीत बोट जायचं, मग मूठ, पुढे पुढे तर नारळ मावला असता. आणि बघणारे वाढले, असे वाढले की रोह्याच्या बाजारात कोथिंबीर घेताना लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागले. कोथिंबीरवालीही बटव्यात पैसे टाकताना विचारायची, "दादा, रात्री काय जेवता?"

माझा संशय पहिल्यांदा बायकांवर गेला. रोज व्हिडिओखाली लाल बदाम टाकणारी एक होती, तिचं सगळं अकाउंट मी खालपर्यंत बघितलं. ती निघाली नागोठण्याची एक आजी, गुडघेदुखीवाली. मग वाटलं, हा चोरून कसली तरी पावडर घेतोय. त्याची कामाची बॅग उलटी केली तर भिजवलेले चणे आणि घामट टॉवेल. हाताला काही लागलं नाही, आणि म्हणूनच मन आणखी खाऊ लागलं.

कारण स्वयंपाक मी करते. ताटात काय जातं ते मला माहीत असतं. आधी दोन भाकऱ्यांवर उठणारा माणूस आता टोपलीत शेवटची भाकरी ठेवत नव्हता. खाणं वाढलं आणि माणूस आटला, हे मला काही केल्या जुळेना. त्यात पाणी. तांब्या भरून ठेवावा तर रिकामा. मला म्हणायचा, "तू वाच गो कमेंटी, अक्षरा पुसट दिसतान." व्हिडिओत फक्त कंबर यायची. लोक कंबर बघत होते, मी मान बघत होते. तिथल्या शिरा वर आल्या होत्या, कानशिलं आत गेली होती.

"अवो, डॉक्टरला दाखवू या," मी म्हटलं.

"आजारी मानूस येवढ्या बैठका मारील काय गो? तुला माझा चांगला झालेला बघवत नाय."

ते वाक्य मला फार लागलं. दोन दिवस मी भांडी जरा जोरातच आपटली. मग सरळ सांगून उपयोग नाही म्हटल्यावर वाकडं शिरायचं ठरवलं. म्हटलं, लोक लिहितात की हे पावडरीचं काम आहे. तुमी रक्त तपासून घ्या आणि रिपोर्टच दाखवा मोबाइलवर. सगळ्यांची तोंडं बंद होतील.

त्याचे डोळे लगेच चमकले. मात्र रोह्यात नको म्हणाला, लॅबच्या बाकावर ओळखीचं कुणी बघेल. म्हणून पेणला, माझ्या माहेरी. गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत बाटली संपली होती, आणि मग त्यानं समोरच्या अनोळखी बाईकडे पाणी मागितलं. एरवी हा माणूस परक्याकडे वेळसुद्धा विचारत नाही.

लॅबमध्ये सुई टोचत होते तेव्हा हा मोबाइलकडे बघून हसत होता. "रिपोर्ट येऊ दे, तुमच्यासमोर वाचनार!" तिथूनच टाकला व्हिडिओ. आम्ही माहेरी जेवायला बसलो न बसलो तोच लॅबचा फोन आला, तसेच उठून डॉक्टरकडे जा. डॉक्टर म्हणाले, "ही कमावलेली तब्येत नाही हो. साखर इतकी वाढलीये की शरीर स्वतःलाच खातंय. अजून थोडे दिवस गेले असते तर तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं." इन्सुलिन सुरू, रोज, न चुकता.

माझा संशय खरा ठरला की मला एरवी मनातून बरं वाटतं. त्या दिवशी मी माहेरच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांशेजारी बसून पोटभर रडले.

रिपोर्ट त्यानं दाखवला नाही. लोक विचारत राहिले, हा बैठकांचे व्हिडिओ टाकत राहिला. इन्सुलिननं तहान गेली, चेहरा भरला, अक्षरं दिसू लागली. आणि पँटमधली फट आवळत गेली. मग लोकांनी लिहायला सुरुवात केली, दादा सुस्तावले, दादांचं पोट सुटलं. बघणारे गळायला लागले. तो रात्रंदिवस तेच बघत बसायचा.

मग एकाएकी इंजेक्शन मोरीत जाऊन, कडी लावून घ्यायला लागला. तांब्या पुन्हा रिकामा दिसू लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. एका सकाळी तो बाहेर आला तशी मी आत शिरले आणि कचऱ्याच्या डब्यात हात घातला. सुई होती, पण तिचं टोपण उघडलेलंच नव्हतं.

"घेतलीत?"

"घेतली."

मी सुई त्याच्यासमोर धरली. तो कॉटवर बसला. "घेतली की पोट येता गो. पोट आला की लोक जातान. जल्मात पहिल्यांदा मना कुनी वळखत होता."

"आनि मी? मी काय इतकी वर्षं बिनवळखीची ऱ्हायले तुमच्या घरात?"

मला इतका राग आला की त्याचा मोबाइल उचलून, कॅमेरा चालू करून मी थेट त्याच्या तोंडासमोर धरला. "मग बोला. माझा ऐकू नका, त्यांना सांगा."

मग त्यानं केसांवरून हात फिरवला, सुई भरली, बनियन वर केलं आणि सुई पोटात टोचली. "मंडली, माझा वजन बैठकांनी उतरला नाय," तो म्हणाला. "साखरेनं उतरला. तुमी टाल्या वाजवत होतात तवा मी मरत होतो."

पुष्कळ जण सोडून गेले. जे राहिले ते रोज सकाळी विचारतात, दादा, सुई घेतली का? तो रोज मोबाइलसमोर घेतो आणि रोज टाकतो. तो जिवाच्या भीतीनं घेतो की त्या लोकांसाठी, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारलं तर खरं सांगेल यावर माझा विश्वास नाही. लेन्सकडे तो जसा बघतो तसा माझ्याकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

मागच्या आठवड्यात वीज गेलेली, त्याचा मोबाइल बंद पडला. तो म्हणाला, लाइट आली की घेतो. मी माझा मोबाइल काढला, तर तोही काळा ठिक्कर. तसाच त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, "चालू हाय." त्यानं केसांवरून हात फिरवला आणि सुई घेतली.