विष्णू परुळेकरची काळी टाकी

विष्णू परुळेकर ब्रिस्टलला विमानांचे पंख तपासायचा. जोडावर रंगीत द्रव लावायचा, पुसायचा, दिवा धरायचा आणि केसाएवढी चीर कुठे दिसते का ते बघत बसायचा. दिसली नाही, तर कागदावर आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं आणि घरीही तो तसाच होता. गॅस बंद केलाय का हे बघायला त्याने एम-फोर हायवेवरून गाडी मागे वळवली, तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्याची बायको मधुमती म्हणायची, "यांचा शिक्का बसल्याशिवाय आमच्याकडे दूधसुद्धा उतू जात नाही."

मी अजय. त्यांच्यापासून दोन घरं सोडून राहायचो. पुढे जे झालं त्यात माझाही थोडा हात आहे, म्हणून सांगतो.

दोन हजार सहा सालची गोष्ट. विष्णूच्या एकुलत्या एका मुलीचं, ईशिताचं, गॅरेथ नावाच्या मुलाशी ठरलं होतं. लग्न सप्टेंबरात, पण त्याआधी पंधरा जुलैला दोन्हीकडच्या मंडळींना घरच्या बागेत जेवायला बोलवायचं होतं. ईशिता कॉलेजात असताना एक वर्ष टेक्सासला राहून आली होती, तिथल्या धुरावर शिजवलेल्या मांसाची चव तिच्या जिभेवरून जात नव्हती. मराठी ती बोलायची, पण लिंग-वचनात अडखळायची. "बाबा," ती म्हणाली, "तुमचा मालवणी मसाला आणि टेक्सासचा धूर, असा पार्टी करू या ना!"

विष्णू मूळचा वेंगुर्ल्याचा. मटण करावं तर त्यानेच. मुलीने मागितलं म्हटल्यावर तो लगेच तयार झाला, आणि लगेच काळजीलाही लागला. धुरावर मांस शिजवायचा असला स्मोकर तेव्हा इथल्या दुकानांत मिळायचा नाही. शेवटी फुकट जाहिरातींच्या पेपरात एक सापडला: वापरलेला, घरी बनवलेला, लाकडावर चालणारा, सॉमरसेटमधल्या एका खेड्यात.

शनिवारी, एक जुलैला, आम्ही भाड्याची व्हॅन घेऊन गेलो. विकणारा डेरिक नावाचा गोरा, हसतमुख माणूस. घरामागे स्मोकर उभा होता. एक लांबट आडवी टाकी, मधून कापून झाकण केलेली. तिच्या एका टोकाला, थोडी खाली, लाकडं जाळायची पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. जाळ बाजूच्या पेटीत राहायचा आणि नुसता धूर नि ऊब टाकीतल्या मांसावरून जायची. रंग काळाभोर, नवाकोरा.

"सासऱ्यांनी बनवलाय," डेरिक म्हणाला. "वेल्डर होते. आठ वर्षं वापरला. आता ते छोट्या घरात राहायला गेले, इथे जागा अडते."

विष्णूने झाकण उघडून आत नाक घातलं. बोटातली अंगठी टाकीवर वाजवली, सांधे चाचपले. मग तो गुडघ्यावर बसून खालून बघायला वाकला.

त्या दिवशी चार वाजता इंग्लंडची पोर्तुगालशी मॅच होती. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. तीन वाजत आले होते आणि डेरिकही घड्याळाकडे बघत होता. मी म्हणालो, "चल रे विष्णू, विमान नाहीये ते! बार्बेक्यू आहे."

तो ओशाळून हसला, उठला आणि गुडघे झटकले. आम्ही फळ्या लावून ते धूड व्हॅनमध्ये चढवलं. मॅच मला पूर्ण मिळाली. इंग्लंड पेनल्टीवर हरलं.

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "अजय, जरा येतोस का?"

त्याने पहिला जाळ करून बघितला होता. तापल्यावर टाकीच्या पोटाखालचा नवा रंग फुगून सुटला होता. विष्णू गवतावर उताणा पडून टॉर्चने खालून बघत होता. मीही आडवा झालो. काळ्या रंगाखाली हिरवा रंग निघाला होता, आणि हिरव्यावर एका जुन्या छापाचा तुकडा होता. नारिंगी चौकोनाचा कोपरा आणि त्यात काळ्या फुलीचा एक हात. बाकीचं वेल्डिंगमध्ये जळून गेलं होतं.

"ही खूण कशावर असते, ठाऊक आहे ना?" त्याने विचारलं.

"ब्लीचच्या बाटलीवरपण असते रे."

"असते. आणि तणनाशकावरपण असते." टॉर्च त्याने बंद केला नाही. "पन्नास माणसं जेवणार आहेत यातलं."

त्याने डेरिकला फोन लावला. डेरिक म्हणाला, पाण्याची टाकी असेल बहुतेक, आम्ही सगळे ठणठणीत आहोत. मग त्याने सांगितलं की रंग त्याने विकण्याआधी स्वतः मारला होता, पण नुसता दिसायला बरा म्हणून. सासऱ्यांचा पत्ता मात्र त्याने दिला.

त्या आठवड्यात विष्णू नीट जेवला नाही. मधुमती मला दारातच म्हणाली, "भावजी, तुम्ही तरी समजवा. हे दर तासाला बागेत जाऊन त्या टाकीभोवती फिरताहेत. काल मला म्हणाले, तू जाळी घासलीस तेव्हा हातात ग्लव्हज होते का? मी नाही म्हटलं, तर माझे हात उलटेपालटे करून बघत बसले."

मला माझं शनिवारचं बोलणं आठवत होतं. म्हणून बुधवारी शिफ्ट संपल्यावर तो डेरिकच्या सासऱ्यांकडे ब्रिजवॉटरला निघाला, तेव्हा मी न बोलावता त्याच्या गाडीत जाऊन बसलो.

डेरिकचे सासरे, लेन, ऐंशीच्या घरातले. कौन्सिलने दिलेल्या छोट्या बैठ्या घरात एकटे राहायचे. आम्हाला बसवून त्यांनी चहा केला. चहा ओतताना किटली कपाच्या कडेवर टकटक वाजत होती, थोडा चहा बशीत सांडला. विष्णूची नजर त्या हातांवरून हलेना.

"ती टाकी तुम्ही कुठून आणली होती?" त्याने विचारलं.

"का? गळते की काय?"

"नाही. काम फार चांगलं आहे तुमचं. वेल्डिंग मी पाहिलं." हे विष्णू मनापासून म्हणाला. "आधी तिच्यात काय असायचं, एवढंच हवं होतं."

लेनचा चेहरा ताठ झाला. "माझ्या नातीच्या नामकरणाला त्यावर दोन मेंढरं शिजली. कुणाचं पोट दुखलं नाही."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

लेननी बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. मग म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एका शेतावर भंगारात पडली होती. मेंढ्यांचं शेत. डिझेल असेल. गोचिडी मारायला मेंढ्यांना ज्यात बुडवतात ते औषध असेल. रिकामी होती, मी विचारलं नाही. त्या काळी कोण विचारायचं?"

मेंढ्यांचं ते औषध काय असतं, हे विष्णूला माहीत होतं. ते हाताळणारे कितीतरी शेतकरी आजारी पडल्याचं त्याने पेपरात वाचलं होतं. कुणाच्या मज्जातंतूंवर परिणाम झाला, कुणाचे हात थरथरायला लागले. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"हात पाहिलेस त्यांचे?"

"अरे, ऐंशी वर्षांचे आहेत ते."

"माहीत आहे." तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. "तसंही असेल. पण मला कसं कळणार?"

परत येताना मी म्हणालो की दोन-तीनदा चांगली लाल होईपर्यंत तापवू, काय असेल ते जळून जाईल. तो म्हणाला, जळून जाईल की जळून आणखी काही होईल? गुरुवारी त्याने एका लॅबला फोन केला. नक्की काय शोधायचं ते सांगा, मग तपासू, आणि तीन आठवडे लागतील, असं उत्तर आलं. पार्टी नऊ दिवसांवर होती.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने ईशिताला आणि गॅरेथला घरी बोलावलं. मीही होतो, कारण विष्णू म्हणाला होता, "तू थांब, मला एकट्याला जमणार नाही."

त्याने सगळं सांगितलं. ईशिता आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाबा टाकी वापरणार नाहीत.

"बाबा, तुम्ही मला हे आत्ता सांगतो? सगळे लोकांना मी ईमेल केला. गॅरेथच्या आजीला पण माहीत आहे. माझा पार्टी आहे!"

"म्हणूनच सांगतोय."

"त्या लोकांनी आठ वर्षं खाल्लं! त्यांना काय झालं?"

"मला माहीत नाही त्यांना काय झालं," विष्णू म्हणाला. "आठ वर्षं काही झालं नाही, एवढ्यावर मी कामावर कधी शिक्का मारला नाही, ईशू. घरी कसा मारू?"

गॅरेथ म्हणाला की खूप कमी शक्यता असेल ना, अंकल. विष्णूने मान हलवली, असेल. ईशिता इंग्रजीत काहीतरी बोलली आणि पर्स उचलून निघून गेली. गॅरेथ माफी मागत तिच्या मागे गेला. दार लागल्यावर विष्णू मला म्हणाला, "मी तिचा दिवस खराब करतोय का रे?" हो म्हणावं तरी पंचाईत, नाही म्हणावं तरी.

मधुमतीने मात्र त्याच दिवशी कंबर कसली. पार्टीच्या शनिवारी पहाटेपासून लँबचे मोठमोठे तुकडे मसाला लावून आमच्या तीन घरांतल्या ओव्हनमध्ये मंद आचेवर होते. उन्हाळा इतका कडक होता की गवत तपकिरी झालं होतं, आणि मी भांडी घेऊन रस्त्यावरून या घरातून त्या घरात धावत होतो. विष्णू थर्मामीटर घेऊन माझ्यामागे. प्रत्येक तुकड्यात तो तीन ठिकाणी टोचून बघायचा. ओव्हनचं मांस होतं, खाटीक ओळखीचा होता, तरी त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही.

लोक आले, जेवले. मसाल्याने गॅरेथची आजी लाल झाली आणि तिने पुन्हा मागून घेतलं. पण जो येई तो विचारी, "तो स्मोकर कुठे आहे?" तो कुंपणाशी ताडपत्रीखाली होता. गॅरेथच्या एका काकांनी ताडपत्री वर करून पाहिली आणि विष्णूला म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर मी नेतो. असल्या गोष्टींना मी भीत नाही."

"नाही देता येणार," विष्णू म्हणाला. काकांना राग आला असावा. ते नंतर त्याच्याशी बोलले नाहीत.

आठवडाभर ईशिता बापाशी कामापुरतंच बोलत होती. पार्टीतही ती त्याच्यापासून लांबच राहिली. चार वाजता विष्णू स्वयंपाकघराच्या पायरीवर एकटा बसला होता, तेव्हा ती ताट घेऊन आली.

"तुम्ही जेवला नाही."

"कुणाला काही त्रास नाही ना होत?"

"नाही, बाबा. सगळे ठीक आहे." ती त्याच्या शेजारी बसली. "मी अजून रागावला आहे. पण जेवा."

रागावले आहे, असं त्याने तिला सुधारून सांगितलं नाही. एरवी सांगायचा. तो जेवला, आणि ती त्याचं ताट रिकामं होईपर्यंत तिथेच बसून राहिली.

टाकी आणखी एक आठवडा तिथेच पडून होती. विष्णूने लेनना एक पत्र लिहिलं: डॉक्टरांकडे जाल तेव्हा ती टाकी तुम्ही कापली होती हे त्यांना सांगा. पत्र मला वाचायला दिलं, दोन शब्द बदलले, पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. मग त्याने ग्राइंडर भाड्याने आणला, तोंडावर मास्क चढवला आणि टाकीच्या पोटात हातभर लांबीचे दोन काप घेतले. लेननी जोडलेला एकही सांधा सुटला नाही. अखंड पत्राच कापावा लागला.

कौन्सिलच्या भंगार डेपोवर नारिंगी जॅकेटातला माणूस व्हॅनजवळ आला आणि चुकचुकला. "हे कशाला कापलंत? चांगलं होतं. मीच नेलं असतं."

"म्हणूनच कापलं," विष्णू म्हणाला, आणि त्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायला लागला: ते शेत, ती नारिंगी खूण, ते औषध. मागे गाड्यांची रांग लागली होती. मी खाली मान घालून उभा होतो, पण या खेपेला घाई कर म्हणालो नाही. माणसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हातमोजे चढवले आणि म्हणाला, "धरा तिकडून." तिघांनी मिळून ती टाकी लोखंडाच्या खड्ड्यात ढकलली. मोठा आवाज झाला. विष्णू कठड्यावरून वाकून ती कशी पडलीये ते बघत राहिला, मागच्या गाडीने हॉर्न देईपर्यंत.