रामाकोना राहिलं

जगात पाहण्यासारखं जे काही आहे ते देवाने सौंसर आणि पांढुर्णा या दोन गावांच्या आसपास ठेवलं आणि हात झटकताना जे उडालं ते आग्र्याला वगैरे जाऊन पडलं, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि नशीब बघा, तो माझा व्याही निघाला. तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात. सौंसरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. 'आहे' म्हणायचं एवढंच, कारण मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा ते बंदच दिसलं. गावात पाहुणा आला की व्याह्यांच्या दुकानाचं शटर खाली येतं, मग तो पाहुणा त्यांचा असो, शेजाऱ्याचा असो, नाहीतर कुणाचाच नसो. औषधकंपनीचा एक माणूस बिचारा छिंदवाड्याच्या बसची वाट पाहत स्टँडवर उभा होता. व्याह्यांनी त्याला सहज विचारलं, "कुठून येऊन राहिले?" तो भोपाळहून आलोय म्हणाला आणि फसला. संध्याकाळी तो जामसावळीच्या मारुतीचं दर्शन घेऊन, संत्र्याच्या बगीच्यात जेवून, कपाळाला शेंदूर लावून परत आला, आणि त्याची औषधं दिवसभर दुकानाच्या फळीवर पडून होती. तो रागावला असेल असं मला वाटलं होतं. पण पुढच्या वेळी म्हणे तो बायकोला घेऊन आला.

आता खरं सांगायचं तर सौंसरमध्ये पाहायला आहे काय? चारी बाजूंनी संत्र्याचे बगीचे, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, एक बाजार, आणि स्टँड. पण व्याही स्टँडसुद्धा दाखवतात! पाहुण्याला मधोमध उभं करतात आणि म्हणतात, "हे पाहा, ही गाडी नागपूरले चालली आणि ही छिंदवाड्याले. इकडच्या गाडीत मराठी भांडण ऐकू येते, तिकडच्या गाडीत हिंदी. आन् आमी मधात बसून दोन्ही ऐकतो. असं तुमच्या नाशकात आहे का?" नाही बुवा, नाशकात असं नाही. जिनिंगमधला कापसाचा ढीग ते असा दाखवतात की समोर हिमालय आहे. पांढुर्ण्याला गेले की स्टेशनवर नेऊन न थांबणारी गाडी दाखवतात. धाडधाड करत ती निघून गेली की म्हणतात, "पाह्यलं? बसलेल्या लोकाइले काईच दिसलं नसन. आपल्याले सारी गाडी दिसली." पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा आम्हाला वाटलं, सौंसरला न मिळाल्याने व्याही खट्टू असतील. मी फोन केला तर म्हणाले, "कलेक्टर त्याइले भेटला, मारोती आमच्याकडंच राह्यला." विषय संपला.

त्यांचा एक नियम मात्र पक्का. कितीही हिंडवलं तरी एक ठिकाण शिल्लक ठेवायचं. पाहुणा दमून हातापाया पडायला आला, तरी बसमध्ये चढताना व्याही कपाळावर हात मारणार, "अरे बाप्पा! रामाकोना राह्यलं!" रामाकोना हे तिथलंच एक गाव, कन्हान नदीकाठचं. मी एकदा विचारलं, मुद्दाम का ठेवता? तर म्हणाले, "सारं पाहून झाल्यावर माणूस मंग कायले येईन?" या एका वाक्यात त्यांच्या मनातली भीती होती, पण ते मला नंतर कळलं. त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या जावयाला, पांढुर्ण्याच्या कॉलेजात नोकरी होती आणि गाव सोडायचं नव्हतं. मुलगा गुणी, घर चांगलं, पण येणारं प्रत्येक स्थळ गाव बघून चहा पिऊन जायचं आणि मग कळवायचं की जमत नाही. मुलींना पुणं हवं होतं, निदान नागपूर तरी. गेलेलं कुणी परत येत नव्हतं.

आमची सई दातांची डॉक्टर. नागपूरला शिकत असताना तिची या मुलाशी ओळख झाली, आणि बापाच्या रामाकोन्याच्या गमती त्याने तिला तेव्हाच सांगितल्या होत्या. मुलगा पसंत होता तिला, अडलं होतं ते गावावर. "बाबा, तिथे आयुष्यभर राहायचं म्हणजे..." एवढंच ती म्हणायची. बायको तर उघडच म्हणायची, "आहे काय त्या सौंसरात?" शेवटी ठरलं की नुसतं जाऊन पाहून यायचं. कबूल काही करायचं नाही, चहा घ्यायचा आणि निघायचं. घरून निघताना बायकोने मला हे पुन्हा पुन्हा बजावलं होतं. तिला माझा स्वभाव माहीत आहे. समोरच्याचा स्वभाव कसा असेल याची मात्र आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

चहा कसला घेतोय! आम्ही उतरतो न उतरतो तोच व्याह्यांनी आम्हाला आपल्या जुन्या व्हॅनमध्ये कोंबलं आणि यात्रा सुरू झाली. स्टँडजवळच्या हॉटेलात आलूबोंडा खायला थांबलो. हॉटेलवाल्याने विचारलं, "काका, पाहुणे कोण?" व्याही सहज बोलून गेले, "हे? हे आमचे इवाई." झालं! त्या भागात इवाई म्हटला की त्याला टोपी-दुपट्टा करावाच लागतो. हॉटेलवाल्याने पोराला पिटाळलं, आणि माझ्या डोक्यावर पांढरी टोपी आणि गळ्यात दुपट्टा आला, हातात नारळ आला. इवाई हा शब्द मला तेव्हा नवाच होता, मला वाटलं इकडची पाहुण्यांची पद्धत असेल. बगीच्यात तेच. बगीचेवाल्याने संत्री सोलून दिली, आंबिया बहार कसा आणि मृग कसा ते समजावलं, आणि निघताना टोपी-दुपट्टा. जामसावळीला मारुती पिंपळाखाली आडवा झोपलेला आहे. तिथे आम्ही हात जोडले तर पुजारीबुवांनी प्रसादासोबत टोपी-दुपट्टा. जिनिंगवाला, पानवाला, स्टेशनवरचा ओळखीचा हमाल, एकानेही मला सोडलं नाही. दुपारपर्यंत मी असा काही दिसत होतो की माझंच लग्न असावं. बायको दुपट्ट्यांचे काठ न्याहाळत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सगळे एकाच दुकानातले दिसतात." तेही बरोबर होतं, सौंसरात दुपट्टा घ्यायचा तर व्याह्यांच्याच दुकानातून, शटर खाली असलं तर मागच्या दाराने.

पांढुर्ण्याला जाम नदीच्या काठावर तर त्यांनी कमाल केली. पलीकडे सावरगाव. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार होते, नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गावं एकमेकांना दगड मारतात. "त्या दिवशी मी येत नाई," व्याही म्हणाले, "डोस्के फुटतात लोकाइचे, त्यात पाहासारखं काय आहे? बाकी सालभर या, दगडं निवांत पाहा." मग ते दगड दाखवता दाखवता त्यामागची कथा सांगू लागले, की फार पूर्वी इकडच्या पोराने तिकडची पोरगी पळवून आणली, आणि नदीच्या मध्यात दोघांवर दोन्हीकडून दगडांचा मारा झाला, आणि दोघं तिथेच गेली. उपवर मुलीच्या आईबापाला सांगायची ही गोष्ट आहे का? बायको माझ्याकडे पाहत होती, मी नदीकडे. आपण काय सांगतोय हे ध्यानात आल्यावर व्याही गडबडले आणि म्हणाले, "पण आता रस्ता चांगला झाला."

घरी परतलो तर ओसरीवर बायका जमल्या होत्या. टोपी-दुपट्ट्याची बातमी आमच्या आधी घरी पोचली होती! एकीने सईला कुंकू लावलं, दुसरीने ओंजळीत साखर ठेवली, तिसरी विचारू लागली, दवाखाना बाजारात टाकणार का घरीच? सई पांढरीफटक पडली. तिने ती साखर ताटात परत ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, मी अजून हो म्हटलेलं नाही." मी डोक्यावर टोपी घालून बसलो होतो. रागाने माझे कान तापले होते, आणि लग्न मोडलं तर उद्या या गावात पोरीचं नाव निघेल ही धास्ती वेगळीच. व्याही दारात उभे होते. एवढा बोलका माणूस, नुसतं म्हणाले, "चूक झाली," आणि आत निघून गेले. रात्री ते जेवायलाही आले नाहीत.

सकाळी उठलो तर व्याही घरात नव्हते. व्हॅनही नव्हती. विहीणबाई मान खाली घालून चहा देत होत्या, आणि त्यांचा मुलगा आमच्या पिशव्या उचलून मुकाट्याने स्टँडवर आला. मी बायकोला म्हटलं, रुसले वाटतं. तेवढ्यात कालचा हॉटेलवाला आलूबोंड्याची पुडी घेऊन आला. "पाहुणे, हे घ्या वाटेत," तो म्हणाला, आणि पाहुणे हा शब्द त्याने सांभाळून उच्चारला. मी काही विचारायच्या आत त्याने सांगून टाकलं, "काका झुंजुमुंजू असताना आले होते ना. दुकान उघडाच्या आधी मले उठवलं. म्हणे, मी काल चुकीचं बोललो, ते इवाई नाई, पाहुणे आहेत. पोरीनं काई सांगतलं नाई आणखी. तिले कोणी काई पुसू नका, आन् ती नाई म्हणाली तं कोणी नाव ठेवू नका." तो सांगत असतानाच व्हॅन येऊन थांबली. व्याही उतरले. दाढी केलेली नाही, पायजमा धुळीने माखलेला. कालच्या वाटेने ते पुन्हा फिरून आले होते. बगीचा, जामसावळी, जिनिंग, थेट पांढुर्ण्याच्या स्टेशनापर्यंत, जिथे जिथे काल ते बोलले होते तिथे तिथे जाऊन प्रत्येकासमोर हात जोडून बोललेलं परत घेऊन आले होते. कापडवाला माणूस, साऱ्या मुलखात पत, आणि हमालापुढेसुद्धा चूक झाली म्हणून आला! माझा राग कुठे गेला ते मला कळलंच नाही.

ते माझ्याकडे आलेच नाहीत. सरळ सईपुढे उभे राहिले. "पोरी, साऱ्याइले सांगून आलो. मारोतीलेबी सांगतलं, काल बोललो ते धरू नको म्हणून. आता तू मोकळी आहेस. तुह्या मनात असन तेच कर." नागपूरची बस सुरू झाली होती, कंडक्टर ओरडत होता. सईचे डोळे भरून आले होते. ती पायरीवर चढली, थांबली, आणि वळून म्हणाली, "काका, काल सगळं दाखवून झालं का?" व्याही पार खचलेले. त्यांना नियमही आठवत नव्हता. म्हणाले, "झालं असन बाई." सई म्हणाली, "नाही. रामाकोना राहिलं." आणि मग हळूच म्हणाली, "ते पाहायला मी परत येईन." स्टँडवर भरदिवसा, एवढ्या लोकांदेखत, माझे व्याही गळ्यातल्या दुपट्ट्यात तोंड लपवून ढसाढसा रडले. हॉटेलवाल्याने नवी टोपी आणायला पोराला पिटाळलं, पण बस निघाली.

लग्नानंतर सईला त्यांनी लगेच रामाकोना दाखवलं. ती घरचीच झाली होती, तिच्यापासून काय लपवायचं! माझ्यासाठी मात्र ते शिल्लकच राहिलं. किती वेळा गेलो असेन, दर वेळी निघताना तेच, "अरे बाप्पा, इवाई, रामाकोना राह्यलं!" एकदा आम्ही दोघं छिंदवाड्याला चाललो होतो आणि रस्ता रामाकोन्यावरूनच जातो. गाव जवळ आलं तसे व्याही चुळबुळ करू लागले, आणि ऐन वेळी माझी मान धरून उलट्या खिडकीकडे वळवली. "तिकडं पाहू नका. गाडीतून पाह्यलं तरी मोजल्या जाईन." मीही मुकाट्याने भलतीकडे पाहत बसलो. माझ्या वयाचा माणूस असा बसतो का? पण बसलो.

गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा व्याही खूप थकलेले दिसले. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना हिंडणं कमी करायला सांगितलं आहे. व्हॅन आता सई चालवते. बाजारात तिचा दवाखाना आहे, आणि पाहुणा आला की त्याचंही शटर खाली येतं, काय सांगू! आम्ही दोघं मागे बसलो होतो. जिनिंगजवळ तिने गाडी हळू केली आणि मला, स्वतःच्या बापाला, सांगू लागली, "हे पाहा बाबा, कापूस येऊन राहिला." नाशिकची मुलगी माझी! व्याही डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात धरून म्हणाले, "इवाई, आज एक काम करू. रामाकोना पाहून घ्या. नदीवर चांगलं ऊन पडते यावेळी. उगाच राहून जाईन."

आरशात सईचा चेहरा दिसत होता. तिने ओठ घट्ट मिटले होते. मी म्हणालो, "नको."

"काहून?"

"आज नको, इवाई. दमलोय मी. पुढच्या खेपेला पाहू."

माझी थाप त्यांच्या लक्षात आली होती हे मला कळत होतं, आणि मला ते कळलंय हे त्यांनाही. मग सईने बसवून दिलेली पांढरीशुभ्र कवळी दाखवत ते हसले आणि माझा हात थोपटत म्हणाले, "मंग तुमाले याच लागन."

"येईन ना," मी म्हटलं.

सईने गाडी पांढुर्ण्याच्या रस्त्याला वळवली, आणि आम्ही जाम नदीच्या काठावर पुन्हा तेच दगड पाहायला गेलो.