निर्व्यसनी गाव

कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. सासूबाई ओसरीवर मिश्री लावत बसल्या होत्या. तेवढ्यात कडी वाजली. दारात अंजना.

"आली चुगलखोर!" सासूबाई तोंडातली थुंकी सांभाळत म्हणाल्या.

अंजना आमच्याच मांडवगणची सून. परवापरवापर्यंत तिच्यावाचून हळदीकुंकू होत नसे. आता तिला पाहिलं की दारं लागतात. देशात कोण कसली नशा करतं याची नवी मोजणी चाललीय आणि आमच्या गावातली घरं तिच्या वाट्याला आलीत.

मामंजी पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आमच्यात कुनाला सुपारीच्या खांडाचं व्यसन न्हाई. लिही आन् नीघ."

अंजनानं सासूबाईंच्या काळ्या बोटाकडं पाहिलं. "आत्याबाई, मिश्री म्हंजी तंबाखूच की."

"मिश्री व्हय व्यसन? दाताचं औषध हाय ते! माझ्या सासूनं लावली, तिच्या सासूनं लावली. त्या काय नशेबाज व्हत्या?"

मामंजींचा राग मिश्रीचा नव्हताच. रविवारी यवतचे पाहुणे माझ्या दिराला, पृथ्वीराजला, बघायला येणार होते. बायोडाट्यात 'निर्व्यसनी' ठळक छापलेलं. आमच्याकडं लग्नाच्या प्रत्येक मुलाच्या कागदावर ते असतंच, उंचीच्या खाली आणि गोत्राच्या वर. "पाहुन्यांच्या कानावर काही गेलं," मामंजी म्हणाले, "तर गावात कशी राहतीस ते बघतो."

पृथ्वीराज शिक्रापूरच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकताच आला होता. तो बाहेर येऊन ओरडला, "आधी नवऱ्याचं लिही! टेम्पोत गोळ्या खाऊन झिंगतो, ते कोन मोजनार?"

"पयलं त्येंचंच लिवलंय, भाऊजी."

त्यानं तिच्या तोंडावर दार आपटलं.

तिचा नवरा आधी जागं राहायला गोळ्या घ्यायचा, मग झोपायला दुसऱ्या. आता पोटच्या मुलीला ओळखत नाही असे दिवस येतात. तालुक्याच्या दवाखान्यात तिला सांगितलं, दारूचा इलाज इथं होईल, गोळ्यांसाठी पुण्याला जा. इथं डॉक्टर मागायचा तर जुन्या मोजणीत या भागात गोळ्या खाणारं कुणी नाहीच. नसणारच. तेव्हाही घराघरातून मामंजींचंच उत्तर गेलं असणार. आणि जे दुखणं सरकारच्या लेखी नाही, त्याला डॉक्टर कोण धाडणार? म्हणून तिनं हे काम मागून घेतलं होतं.

पृथ्वीराजचे कपडे मी धुते. खिशातून गोळ्यांची रिकामी पाकिटं निघतात, ती मी मुकाट बंबात घालते.

परसदारानं मी बाहेर गेले. अंजना कुंपणाशी उभी होती. पाणी विचारलं तर नको म्हणाली. 

"वहिनी, मला नाव नको. नाव लिवायचंच नसतं. या घरात गोळ्या खानारं मानूस हाय का न्हाई, तेवढं एक खरं सांगा."