काळ्या कांड्यांना दिलेलं पाणी

लोखंडाला पाणी द्यावं लागतं, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं ऐरणीजवळ बसू नये. वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं असो, विळा असो, कुऱ्हाड असो. भट्टीत लाल करायचं, ठोकून धार काढायची, पुन्हा तापवायचं आणि नेमका रंग आला की पाण्यात बुडवायचं. मग ते कडक होतं. आमच्या घरातून पाणी न दिलेलं हत्यार कधी बाहेर गेलं नाही. माझ्या बापाच्या काळात नाही, माझ्या काळात तर नाहीच. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. पुढं गेलो नाही, कारण गुरुजी माझ्यापेक्षा हट्टी निघाले. पण पाण्याचा रंग मला गुरुजींनी शिकवलेला नाही, म्हणून तो कधी चुकला नाही.

ही गोष्ट कापसाला कोणी विचारत नव्हतं त्या वर्षांतली. बोरी अरबच्या बाजारात मी दुकान मांडून बसायचो, तर लोक नवी पास हातात घेऊन पाहायचे, वजन करायचे, कौतुक करायचे आणि जुनीच पाजवून न्यायचे. एकेक पास इतकी झिजलेली यायची की मी म्हणायचो, "हे वखरासाठी हाये का दाढी कराले?" त्याच वर्षांत माझी लेक नागपूरला पीएचडी करत होती. लोहाराची लेक, म्हणून शिकली तेही भट्टीचंच. बाजारात लोक विचारायचे, "अजून शिकूनच राह्यली का पोरगी?" मी सांगायचो, "तुमची सोयाबीन चार महिन्यात निंघते, साग चार महिन्यात निंघते काय?"

एका शनिवारी ती पोटाशी डबा धरून घरी आली. दूरच्या कुठल्या संस्थेतून नागपूरला परत चालली होती, वाटेत घर म्हणून उतरली. डब्यात कापसाच्या गादीवर बोटाएवढ्या कांड्या. काही पांढऱ्या, खडूसारख्या. काही काळ्या, पाटीवरच्या पेन्सिलीसारख्या.

"हे का होय वं?"

"सिरॅमिक होय बाबा. पांढरी भुकटी साच्यात दाबाची अन् भट्टीत भाजाची. वितळवाची नाई. नुसतं भाजून तिचे कण एकमेकाले धरून बसतात. सिंटरिंग म्हणतात त्याले."

"वितळवल्याबिगर?"

"अवो, पावसाळ्यात मिठाचे खडे नाई का डब्यात चिकटून बसत," आमची बुढी चुलीजवळून म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

"तसंच, आई. पण हे कितीही टणक असलं तरी ठिसूळ. कपबशीवानी. म्हणून या काळ्या कांड्याइत कार्बनच्या नळ्या मिसळल्या. केसाहून हजारपट बारीक. तडा जाऊन राह्यला की ह्या नळ्या त्याले धरून ठेवतात."

"मंग मातीत भुसा कालवतो तसंच," बुढी म्हणाली. "भुसा असला की भित तडकत नाई."

लेक तिच्याकडे पाहून हसली. माझ्याकडे पाहून हसली नाही, हे मी ध्यानात ठेवलं.

"मंगळवारी यंत्रावर मोडाच्या हायेत," ती म्हणाली.

"मोडाच्या? येवढं करून मोडाच्या?"

"किती जोर लावल्यावर मोडते तेच तं पाहाचं हाये. काळी उशिरा मोडली पाह्यजे. मागच्या दोन्ही खेपेले आकडे नाई आले बाबा. यावेळी नाई आले तं सर विषयच बदलाले लावतात. मंग सारं पह्यल्यापासून."

हे ती हळू आवाजात बोलली. म्हणजे प्रकरण गंभीर होतं. लहानपणापासून ही पोरगी ओरडून बोलली की समजायचं काही नाही.

मी विचारलं, "याले पाणी कोनं देल्लं?"

"कोनंच नाई. आर्गॉन वायूत थंडी होऊ देल्ली."

मी हात धुऊन ताटावर बसलो. पण जेवताना घास गोड लागेना. भट्टीतून निघालेली वस्तू, आणि तिला पाणी नाही! शिकलेल्या लोकांच्या हातून असं राहून जातं. मागच्या दोन्ही खेपा काहून फसल्या ते मला तिथल्या तिथं समजलं. पण ताटावर बसून लेकीचा कमीपणा काढणारा बाप मी नव्हतो.

रविवारी सकाळी मायलेकी शेजारच्या बारशाला गेल्या. मी भट्टी पेटवली. डब्यातून फक्त काळ्या कांड्या घेतल्या, कारण जिंकायचं काळ्यांनाच होतं. लहान सांडशीनं एकेक निखाऱ्यात धरली. लाल झाली तशी पाण्यात घातली. चर्र आवाज आला, सुरेख आला. आणि काय सांगू, पाण्यातून निघाली तर काळी कांडी गोरी झालेली! कोळशाच्या धंद्यात सारी हयात गेली, पण आगीत जाऊन उजळून निघालेली वस्तू मी पहिल्यांदा पाहिली. सगळ्यांना सारखं पाणी दिलं. फडक्यानं पुसल्या, खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि होत्या तशा डब्यात निजवल्या.

दुपारी लेकीनं डबा उघडला.

"आई, काळ्या कांड्या कुठं गेल्या? या साऱ्या पांढऱ्याच कशा?"

"काळ्याच होय त्या," मी म्हणालो. "उजळून देल्ल्या. पाणी देल्लं."

ती खाटेवर बसली. एक कांडी उचलली, वास घेतला. "बाबा, तेल लावलं?"

"गंजू नाई म्हनून."

"सिरॅमिक गंजते का बाबा?" मग डोळे पुसत म्हणाली, "कार्बन होय तो. हवेत लाल केला तं जळनारच. वरच्या नळ्या साऱ्या जळून गेल्या. अन् लाल कांडी थंड्या पान्यात टाकली तं डोयाले दिसत नाई असे तडे जातात. त्या संस्थेतल्या भट्टीचा नंबर लागाले माहा सारा उन्हाळा गेला होता."

"तडे कुठं दिसतात? मले तं दिसत नाई."

"दिसत नाई असेच म्हनलं ना मी!"

आता ती ओरडत होती, म्हणून मला जरा बरं वाटलं. मी सांगितलं की यंत्रावर लाव, माझं पाणी काय आहे ते यंत्रच सांगेल. त्यावर ती उठून अंगणात गेली.

तेवढ्यात बुढी आतल्या खोलीतून आली. तिच्या हातात परकर, परकरातून लोंबणारी नाडी आणि नाडीच्या टोकाला बांधलेली एक काळी कांडी. "म्या काल नाडी ओवाले घेतली होती, येवढी सरळ बारीक काडी कुठं भेटते," ती म्हणाली. "चालन का ही?"

लेकीनं ती कांडी परकरासकट छातीशी धरली.

मंगळवारी नागपूरला मी बरोबर गेलो. लेक नको म्हणत होती. पण ज्याचं पाणी त्यानं हजर राहायला पाहिजे, नाही तर मागून लोक काहीही सांगतात. बसमध्ये डबा तिनं माझ्याजवळ दिला नाही.

यंत्र पाहून माझी निराशाच झाली. खाली दोन आधार, त्यावर आडवी कांडी, आणि वरून एक दांडा मध्यावर दाबत येतो, तोही इतका हळू की मी विचारलं, "चालू हाये का झोपलं?" तिचे सर बाजूला उभे होते. गंभीर माणूस. आधी साधी पांढरी कांडी लावली, ती टक् करून मोडली. पडद्यावरचा आकडा सरांनी लिहून घेतला. मग माझी. दांडा टेकला न टेकला तोच पापड मोडावा तशी मोडली.

सरांनी विचारलं, "ही कोणती होती?"

"माझी," मी म्हणालो.

"आपण कोण?"

"हिचा बाप. लोहार."

लेकीनं सगळं सांगितलं, तेलासकट. सरांनी ऐकून घेतलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. माझ्या बाकीच्या कांड्याही लावल्या, त्याही तशाच गेल्या. मी आजही म्हणतो, पाणी बरोबर दिलं होतं. वस्तू पाण्याची नव्हती.

शेवटी परकरातली कांडी लावली. दांडा टेकला. आकडा चढू लागला. पांढऱ्या कांडीचा आकडा आला आणि मागं पडला. लेकीनं ओढणीचा शेव दातात धरला होता. मला राहवलं नाही. शंकरपटात शर्यतीची बैलजोडी सुटल्यावर माणूस गप्प बसतो का? मी ओरडलो, "धर बापू, धर! सोडू नोको! अजून, अजून!" शेजारच्या खोलीतली पोरं दारात जमा झाली. सर म्हणाले, "काका, ओरडल्यानं ताकद वाढत नाही." मी म्हणालो, "कमी तं होत नाई ना?" तेवढ्यात कांडी मोडली. मोठा आवाज झाला.

सरांनी आकडा पाहिला. लेकीकडे पाहिलं. "एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. लेकीनं मान खाली घातली. "पण विषय सोडण्यासारखा आकडा नाही हा. भट्टीसाठी मी पत्र देतो. पुन्हा कर." मग माझ्याकडे पाहत तिला म्हणाले, "आणि या वेळी वाटेत घरी उतरू नकोस."

कांड्यांच्या मोडलेल्या तोंडांचे फोटो लेकीनं नंतर मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढले आणि घरी आणून दाखवले. माझ्या कांडीत काठाशी नुसती भोकं होती, नळ्या होत्या तिथं. परकरातल्या कांडीत मात्र तुटलेल्या भागातून बारीक बारीक केस बाहेर आलेले. बुढीनं तो फोटो खिडकीशी नेऊन पाहिला आणि म्हणाली, "पडक्या भितीतला भुसा." लेक म्हणाली, "हो ना आई." मी अंगणात जाऊन कोळसे फोडत बसलो.

पुढच्या खेपेच्या कांड्या ती परस्पर नागपूरला घेऊन गेली. त्या मोडल्या त्या दिवशी शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. दुसऱ्याच दिवशी बाजार होता. बोरीचा एक शेतकरी झिजलेली पास घेऊन समोर बसला आणि विचारू लागला, "काय झालं तुमच्या पोरीच्या कांड्याचं?"

"मोडल्या," मी म्हणालो.

"अरेरे. साऱ्याच?"

"साऱ्याच. अन् अरेरे काय करता? पांढऱ्याहून उशिरा मोडल्या!"

त्यानं आपली पास उचलून पिशवीत घातली. मग म्हणाला, "मले पास उशिरा मोडनारी नाई पाह्यजे बुवा, न मोडनारी पाह्यजे." आणि माणूस बाजूच्या दुकानात गेला. जाऊ दिला. यंत्रावर लेक पास झाली होती, त्या दिवशी मी कोणालाच समजावत बसणार नव्हतो.